पाहुण्यांच्या गाडीची काच फुटली तेव्हा

परतीचा पाऊस थांबला की अंगण सारवायचं, वाढलेलं गवत काढायचं, खोल्या झाडून ठेवायच्या आणि पाहुण्यांची वाट बघायची, असे हे दिवस. याच दिवसांत आमच्या भागातल्या एका गटात घडलेली गोष्ट आज सांगणार आहे.

विषय ऐकून हसू नका. विषय आहे महागड्या इलेक्ट्रिक गाडीच्या दाराची काच. तुम्ही म्हणाल, आमच्याकडे दुचाकी घ्यायची तर गटाचं कर्ज काढावं लागतं, आम्हाला त्या गाडीचं काय? अगदी बरोबर. पण आपल्यातले कितीतरी गट आता खानावळ चालवतात, पाहुण्यांना राहायला खोल्या देतात, जत्रेत पार्किंग सांभाळतात. गाडी आपली नसली तरी ती आपल्या अंगणात उभी असते. आणि अंगणात काही झालं की पहिलं बोट आपल्याकडे येतं.

तर झालं असं. समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या एका गटाची घरगुती खानावळ आहे. दहा जणी मिळून चालवतात. शनिवारी दुपारी पुण्याहून एक कुटुंब जेवायला आलं. नवरा-बायको, आजी आणि दोन मुलं. गाडी मोठी, उंच, बॅटरीवर चालणारी, किंमत कोटीच्या घरात. त्यांनी ती फणसाखाली लावली. बांधाच्या पलीकडे गटातल्याच एक मावशी ग्रास कटरनं गवत काढत होत्या. पात्याखाली खडा आला, उडाला, आणि गाडीच्या मागच्या दाराची काच फुटली. नुसता तडा गेला असता तर वेगळं. इथे अख्खी काच खडीसाखरेसारखी खाली ओघळली.

नशिबानं गाडीत कुणी नव्हतं. पण मग सगळे एकदम बोलायला लागले. एक जण म्हणाला, "हात लावू नका, करंटची गाडी आहे, शॉक बसेल." दुसरा म्हणाला, "त्यात काय, तालुक्याच्या काचवाल्याकडून माप देऊन कापून आणू, हजार रुपयांत काम होईल." तिसरा म्हणाला, "हजार? लाखभर मागतील. गट विकावा लागेल."

मावशी पडवीत खांबाला टेकून बसल्या होत्या. मला फोन केला तेव्हा त्यांचं पहिलंच वाक्य होतं, "ताई, माझ्या पाटल्या मोडाव्या लागतील का गो?"

मैत्रिणींनो, त्या पाटल्या त्यांनी सोळा वर्षं बचत करून केल्या होत्या. म्हणून मी त्या काचेच्या मागे लागले. विचारलं, वाचलं, मेकॅनिकशी बोलले. आणि कळलं की त्या दुपारी बोलणारे तिघंही चुकत होते.

शॉक बसतो का?

इलेक्ट्रिक गाडीत दोन प्रकारची वीज असते. गाडी पळवणारी मोठी बॅटरी तळाशी, पूर्ण बंद पेटीत बसवलेली असते. तिचा दाब चारशे व्होल्टच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त. आपल्या घरातली वीज २३० व्होल्ट, म्हणजे ही खरंच जोखमीची. पण तिच्या वायरी ओळखू येतात. त्यांचा रंग नारिंगी असतो आणि त्या दारात येत नाहीत. गाडीच्या पत्र्यापासूनही ती वीज वेगळी ठेवलेली असते.

दाराची काच वर-खाली करणारी मोटर, दिवे, कुलूप हे सगळं बहुतेक गाड्यांत १२ व्होल्टवर चालतं. आपल्या ट्रॅक्टरची बॅटरी असते ना, तेवढीच. त्यामुळे काच फुटली म्हणून दाराला हात लावला तर शॉक बसत नाही.

मग धोका कुठे? गाडीला मोठा अपघात झाला, तळ चेपला, नारिंगी वायर उघडी दिसली किंवा गाडीखालून धूर निघाला, तर मात्र लांब राहायचं, लोकांना लांब ठेवायचं आणि ११२ वर फोन करायचा. नुसती काच फुटली असेल तर भीती विजेची नसून पावसाची आहे. पाणी आत गेलं तर दारातली बटणं आणि सीटखालची यंत्रणा खराब होते, आणि चोवीस हजारांचं काम दोन लाखांवर जातं.

काचवाल्याकडून का कापून मिळत नाही?

आपल्या खिडकीची काच फुटली की लांब, धारदार सुऱ्यासारखे तुकडे पडतात. गाडीच्या दाराची काच तशी फुटू नये म्हणून ती वेगळ्या पद्धतीनं बनवतात. आधी काच हव्या त्या आकाराची कापतात, भोकं पाडतात, कडा घासतात. मग ती भट्टीत सहाशे अंशांच्या वर तापवतात आणि एकदम थंड हवेचे झोत मारून निववतात. बाहेरचा थर आधी थंड होऊन घट्ट होतो, आतला थर नंतर आक्रसतो. त्यामुळे काचेच्या अंगात कायमचा ताण भरून राहतो. बाहेरून दाबलेली आणि आतून ओढलेली अशी ती काच. हिला टफन काच म्हणतात.

या ताणामुळे ती साध्या काचेपेक्षा कितीतरी मजबूत होते. पण एकदा का एखाद्या टोकदार खड्यानं वरचा थर भेदला की सगळा ताण एकाच वेळी सुटतो आणि अख्खी काच बारीक चौकोनी दाण्यांत मोडते. हेच कारण आहे की ती नंतर कापता येत नाही. कापायला हिऱ्याची पेन लावली की तिचा चुराच. म्हणून तालुक्याच्या काचवाल्याचा इथे उपयोग नाही. त्याच गाडीच्या त्याच दारासाठी बनवलेली काचच मागवावी लागते. वाहनांच्या काचा आपल्या महाराष्ट्रातही बनतात, चाकणला मोठा कारखाना आहे. पण बाहेरच्या देशातून येणाऱ्या गाडीची काच बहुधा तिकडूनच येते, म्हणून किंमत वाढते आणि दिवसही लागतात.

दुसरी एक काच असते, लॅमिनेटेड. दोन पातळ काचांच्या मध्ये पारदर्शक प्लास्टिकचा थर, सँडविचसारखा. हिची गोष्ट मजेशीर आहे. १९०३ च्या सुमारास एदुआर बेनेदिक्तुस नावाच्या फ्रेंच गृहस्थांच्या हातून प्रयोगशाळेत एक काचेचं भांडं पडलं. तडे गेले, पण भांडं विखुरलं नाही. आत पूर्वी ठेवलेल्या द्रावणाचा पातळ पापुद्रा सुकून चिकटलेला होता, त्यानं तुकडे धरून ठेवले होते. त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली.

आपल्याकडे गाडीची समोरची काच लॅमिनेटेडच असावी लागते. दगड लागला तर तिच्यावर कोळ्याचं जाळं उमटतं, पण ती अंगावर पडत नाही. महागड्या इलेक्ट्रिक गाड्यांत दारांनाही अशी काच बसवतात. कारण इंजिनाचा आवाज नसला की वाऱ्याचा आवाज कानाला जास्त टोचतो. मधला प्लास्टिकचा थर तो आवाज अडवतो. बऱ्याच गाड्यांत पुढच्या दारांना लॅमिनेटेड आणि मागच्यांना टफन असतं. आमच्या पाहुण्यांची मागची काच टफन होती, म्हणून ती ओघळली.

आता हे लक्षात ठेवा, जिवाशी गाठ आहे. गाडी पाण्यात गेली, दारं अडकली, तर टफन काच हातोडीनं फोडून बाहेर पडता येतं. काचेच्या मध्यावर न मारता कोपऱ्याजवळ मारायचं. लॅमिनेटेड काच मात्र अशी फुटून मोकळी होत नाही, त्यात वेळ घालवू नका, दुसरी काच बघा. कुठली काच कोणती, हे काचेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेलं असतं. उद्या जीपमध्ये, वडापमध्ये, एसटीत बसाल तेव्हा ते वाचून बघा. मुलांना तर हा खेळच लावून द्या.

पहिल्या तासात काय करायचं?

आमच्या गटातल्या एकीचा नातू ते चकाकणारे दाणे गोळा करायला अनवाणी धावला होता. तिच्या सुनेनं त्याला वेळेवर उचललं. दाणे बोथट दिसतात, पण त्यांत बारीक टोकदार कपचे असतातच. म्हणून आधी माणसं, मुलं, कोंबड्या, कुत्री बाजूला. पायात चपला, हातात जाड मोजे.

दुसरं, काहीही झाडण्याआधी फोटो काढा. पूर्ण गाडी नंबरासकट, फुटलेलं दार, खाली पडलेली काच, आणि खडा सापडला तर तोही. विम्याला हे लागतात.

तिसरं, त्या दाराच्या काचेचं बटण दाबायचं नाही. आत पडलेले दाणे काच चढवणाऱ्या मशीनमध्ये अडकतात आणि मशीनचाही खर्च वाढतो. दारही जोरात आपटायचं नाही.

चौथं, सीटवरचे मोठे दाणे ब्रशनं गोळा करा, मग घरात व्हॅक्यूम असेल तर तो फिरवा. राहिलेले बारीक कण टिपायला मळलेल्या कणकेचा गोळा हलक्या हातानं दाबत फिरवायचा, सगळे कण त्याला चिकटतात. पण तो गोळा नंतर गायीला किंवा कोंबड्यांना टाकू नका हं! काच आणि कणीक दोन्ही जाड कागदात गुंडाळून, वर "काच" असं लिहून कचरा गाडीकडे द्या. उकिरड्यावर तर मुळीच नाही. आज उकिरड्यात गेलेली काच पुढच्या वर्षी खतातून शेतात येते आणि भात लावताना आपल्याच हाताला लागते.

पाचवं, खिडकी झाका. जाड पारदर्शक प्लास्टिक दाराच्या वरच्या कडेवरून आत दुमडून घ्या आणि दार हळू लावून घ्या, म्हणजे ते दाबलं जातं. खाकी चिकटपट्टी रंगावर लावू नका, काढताना रंग ओरबाडला जातो. रंगकामाची कागदी पट्टी चालते. आमच्या मावशींनी आंबे झाकायचं प्लास्टिक दिलं आणि पाहुणे त्यावर हळूहळू पुण्याला पोचले.

नवी काच बसते कशी?

गाडीमालक ताईंनी काम चालू असतानाचे फोटो मला पाठवले. आमच्या तालुक्यातल्या एका मेकॅनिक दादांनी ते मला समजावून सांगितले.

आधी दाराचं आतलं पॅनल काढतात. ते स्क्रू आणि प्लास्टिकच्या क्लिपांवर बसलेलं असतं. त्याच्या मागे पाणी अडवणारा एक पडदा चिकटवलेला असतो. तो सोडवला की काच चढवणारी मशीन दिसते. काच खालून त्या मशीनच्या पकडीत बसते आणि दोन्ही बाजूंच्या रबराच्या खाचेतून वर-खाली होते.

खरं काम सफाईचं. दाराच्या तळाशी पावसाचं पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. दाणे तिथे साचले तर भोकं बुजतात, दारात पाणी राहतं आणि पत्रा गंजतो. रबराच्या खाचेत एक दाणा राहिला तर नवी काच पहिल्याच दिवशी ओरखडते. घाईत काम करणारा इथेच चुकतो. दार हलवल्यावर आतून खुळखुळ आवाज आला तर सफाई अर्धवट राहिली असं समजा.

मग नवी काच पकडीत बसवतात, पडदा पुन्हा नीट चिकटवतात. काही गाड्यांत दाराच्या आत एअरबॅगसाठी दाब ओळखणारा सेन्सर असतो, म्हणून पडदा फाटका ठेवून चालत नाही आणि कुणीही उघडझाप करायची ती जागाही नाही.

शेवटी काचेला तिची हद्द शिकवावी लागते. या गाड्यांची काच बटण एकदा दाबलं की आपोआप वर जाते आणि मध्ये बोट आलं तर थांबून खाली येते. नवी काच बसली की वरचं टोक कुठे, खालचं कुठे, हे यंत्राला पुन्हा समजवावं लागतं. ते केलं नाही तर काच अर्ध्यात थांबते किंवा बोट आलं तरी थांबत नाही. नव्या काचेतून उजेड किती यावा याचाही नियम आहे. दाराच्या काचेतून किमान ५० टक्के, पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के. हौसेनं जास्त काळी काच बसवली तर दंड.

आणि पैसे?

कोटेशन आलं २४ हजारांचं. लाखभर नाही, पण आमच्या गटासाठी तेही डोंगराएवढं. मावशी म्हणाल्या, "माझ्या हातून झालं, मी भरते."

मी त्यांना म्हटलं, "मावशी, आधी कागद बघू."

तर कागद काय सांगतो ते ऐका. गाडीचा विमा दोन भागांचा असतो. एक, आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर, तो थर्ड पार्टी. तो प्रत्येक गाडीला सक्तीचा. दुसरा, आपल्याच गाडीचं नुकसान झालं तर, तो ओन डॅमेज. काच फुटली तर दुसरा भाग कामाला येतो. प्लास्टिक, रबर यांच्या भरपाईत घसारा म्हणून निम्मी रक्कम कापतात. काचेला मात्र घसारा लागत नाही. हे फार जणांना माहीत नसतं. मालकाला थोडीशी ठरलेली वजावट तेवढी भरावी लागते.

पण दोन अटी. विमा कंपनीला आधी कळवायचं, मग दुरुस्ती. आणि काय घडलं ते खरं सांगायचं. चोरानं काच फोडली असेल तर पोलिसांत तक्रारही हवी. शिवाय दावा केला की पुढच्या वर्षीच्या हप्त्यात मिळणारी 'नो क्लेम' सवलत जाऊ शकते. ती सवलत ५० टक्क्यांपर्यंत असते. म्हणून लहान खर्चाला काही मालक दावाच करत नाहीत. त्यांचंही गणित समजून घ्यायला हवं. विमा कंपनी भरपाई दिल्यावर नुकसान करणाऱ्याकडे वसुली मागू शकते, हेही खरं आहे. म्हणून घाबरून कुठल्याही कागदावर सही करू नका, तसंच "आमचा काही संबंध नाही" असं म्हणून हातही झटकू नका.

ताई समजूतदार निघाल्या. त्यांच्या विम्यात सवलत टिकवण्याची सोय होती. त्यांनी दावा केला. वजावट २,००० रुपये आणि विम्यात न बसलेल्या क्लिपा, सफाई असे १,३५० रुपये, मिळून ३,३५० रुपये उरले. ते कुणी द्यायचे, यावर गटाची बैठक झाली.

बैठक सोपी झाली नाही, खरं सांगते. दोघी म्हणाल्या, ज्याची चूक त्यानं भरावं, नाहीतर उद्या कुणीच जपून काम करणार नाही. त्यांचंही म्हणणं सोडून देण्यासारखं नव्हतं. मग गटाच्या अध्यक्षांनी विचारलं, "गवत कुणाच्या अंगणातलं काढत होत्या? गाडी तिथे लावा, असं पाहुण्यांना कुणी सांगितलं? ग्रास कटर घेताना पुस्तिका कुणी वाचली?" सगळ्या गप्प. गवत खानावळीचं होतं. गाडी तिथे लावायला खानावळीनंच सांगितलं होतं. आणि पुस्तिकेत छापलेलं होतं की यंत्र चालू असताना १५ मीटरच्या आत माणूस किंवा गाडी नको. ती कुणीच वाचली नव्हती. मीसुद्धा नाही, आणि यंत्राच्या कर्जाचा अर्ज मीच भरला होता.

३,३५० रुपये गटाच्या राखीव निधीतून गेले. ठराव लिहिला, सगळ्यांनी सह्या केल्या. सही करताना मावशींचा हात थरथरत होता.

आता त्या खानावळीत चार नियम भिंतीवर लिहिले आहेत. गवत सकाळी, पाहुणे यायच्या आधी काढायचं. आधी खडे वेचायचे. गाड्यांच्या बाजूचं गवत विळ्यानंच. यंत्र चालवणाऱ्यानं चष्मा आणि बूट घालायचे, कारण तोच खडा काचेऐवजी डोळ्यात गेला असता तर डोळा कुठल्याही विम्यानं परत मिळत नाही. आणि वर्षाच्या खर्चात खानावळीच्या विम्याची चौकशी धरली आहे, पाहुण्यांचं नुकसान झालं तर उपयोगी पडेल असा.

तुमच्या पुढच्या बैठकीत एवढं करा. गटाकडे जी यंत्रं आहेत, गिरणी असो, ग्रास कटर असो, मळणी यंत्र असो, त्यांच्या पुस्तिका शोधा आणि वाचता येणाऱ्या एकीनं सगळ्यांना वाचून दाखवा. अर्धा तास लागेल.

जाता जाता सांगते, ते कुटुंब दिवाळीनंतर पुन्हा जेवायला आलं. गाडी या वेळी रस्त्याच्या कडेला, बांधापासून लांब लावली. मावशींनी त्यांना सोलकढी वाढली आणि लहान मुलीनं मावशींच्या पाटल्यांवरून बोट फिरवत विचारलं, "या खऱ्या सोन्याच्या आहेत?" मावशी म्हणाल्या, "हो बाळा. अजून आहेत."

पुन्हा भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर सांभाळून राहा, एकमेकींना सांभाळा. नमस्कार.